तळघरातला माणूस आणि घरातला माणूस

आज आपण बोलणार आहोत एका इंग्रजी सिनेमाबद्दल. नाव ‘स्प्लिट’, साल २०१६. दिग्दर्शक एम. नाईट श्यामलन हे जन्मले आपल्या देशातल्या माहे गावात आणि वाढले अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळ. गोष्टही तिथलीच. सिनेमा भीतीचा आहे, पण त्यात भूत नाही.

एक माणूस तीन मुलींना गाडीतून पळवतो आणि तळघरात कोंडतो. त्याचं नाव केविन. लहानपणी आईनं त्याचा फार छळ केला. त्याच्या एका शरीरात तेवीस जणं राहतात. कधी तो स्वच्छतेचं वेड असलेला डेनिस, कधी शांत बोलणारी पॅट्रिशिया, तर कधी नऊ वर्षांचा हेडविग. जेम्स मॅकॅव्हॉय या नटानं आवाज आणि चेहरा बदलून ही माणसं उभी केली आहेत. शेवटी येतो चोविसावा. तो माणसं मारतो.

इथं थोडं थांबू. असा आजार खरोखर असतो. पूर्वी त्याला बहुव्यक्तिमत्त्वाचा आजार म्हणत. १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते नाव बदललं. बहुतेकांच्या बाबतीत त्याचं मूळ लहानपणी झालेल्या अत्याचारात सापडतं. जे सोसवत नाही, त्यापासून मन स्वतःला तोडून घेतं. पण असा माणूस राक्षस होतो, भिंतीवर चढतो, ही सिनेमाची थाप आहे. मनाचा आजार असलेली माणसं दुसऱ्याला मारण्यापेक्षा स्वतः मार खाण्याची शक्यता जास्त. म्हणून सिनेमा आला तेव्हा अनेक डॉक्टरांनी आणि रुग्णांनी नाराजी सांगितली.

आपल्याकडे कुणी वेगळ्याच आवाजात बोलू लागली की आपण म्हणतो, ‘अंगात आलं’. अंगात येणाऱ्या प्रत्येकीला हा आजार असतो असं मुळीच नाही. पण तिला त्रास होत असेल, मधलं काही आठवत नसेल, तर डॉक्टरकडे न्यावं. भूत काढतो म्हणून मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

आता त्या मुलींकडे वळू. त्यांतली केसी गप्प असते. एकावर एक कपडे घालते. हळूहळू कळतं, वडील गेल्यावर ज्या काकानं तिला सांभाळलं, तोच लहानपणापासून तिच्यावर अत्याचार करत आला. कपड्यांखाली जखमांचे व्रण आहेत. तळघरातून ती जिवंत सुटते. मग पोलीसबाई सांगते, काका न्यायला आलेत. केसी उत्तर देत नाही, नुसती बघत राहते. सिनेमातली सगळ्यात मोठी भीती आम्हाला तिथं वाटली. तळघरातला माणूस परका होता. हा घरातला आहे.

आपल्या गटात, वस्तीत अशी गप्प झालेली पोर असू शकते. एखाद्या नातेवाइकाचं नाव काढलं की आक्रसते, त्याच्याबरोबर जायला नको म्हणते. आपण म्हणतो, ‘काय हट्टी आहे!’ तसं म्हणू नका. जवळ घ्या, ऐका, ‘तुझी चूक नाही’ म्हणा. ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणून झाकू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अशी गोष्ट कळली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेतात, पोलीस गणवेशात नसतात, नावही छापता येत नाही.

नंबर लिहून घ्या. मुलांसाठी १०९८. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस, १४४१६. दोन्ही फुकट आहेत, दिवसरात्र चालू आहेत. पुढच्या बैठकीत हे नंबर फळ्यावर लिहा आणि एवढंच विचारा: आपल्या गावातली कुठली मुलगी हल्ली बोलत नाही?

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.