चिमुकला प्रवाह आणि पंपाची मोटर

कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या कांठीं ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची झोंप विजेच्या वेळापत्रकावर अवलंबून राहत आली आहे. वीज रात्रीं येणार असली कीं त्यानें विजेरी घेऊन विहिरीवर जावें, कळ दाबावी आणि वाटेंत पायाखालीं काय आहे याची धास्ती बाळगावी. पंपांची वाण या मुलुखांत नाहीं; लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं 1910 सालीं औंध संस्थानांत कुंडलजवळच्या माळावर वसविलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यांतच आहे. वाण आहे ती रात्रीं कळ दाबणाऱ्या हाताची.

तो हात यंत्राला देतां येतो. विद्यार्थी यंत्रमानव चालविण्यासाठीं तळहातावर मावणारा जो नियंत्रक वापरतात, तोच येथें चालतो. पाण्याची पातळी पाहणें, वेळ मोजणें हीं कामें तो चोख करतो. पण त्याची ताकद किती? एका टोंकावर पांच व्होल्टला सुमारें 20 मिलिअँपियर! उलट, पांच अश्वशक्तीची थ्री फेज मोटर चालतांना सात-आठ अँपियर घेते आणि सुरू होतांना त्याच्या पांच-सहा पट.

येथें रिले उपयोगीं पडतो. 1835 च्या सुमारास अमेरिकेंतील जोसेफ हेन्री यानें क्षीण प्रवाहानें विद्युच्चुंबक हलवून दुसऱ्या, जोरदार मंडलाची कळ फिरविण्याची युक्ति दाखविली. डाकेच्या बदलीच्या घोड्यांचें नांव पुढें या उपकरणाला मिळालें.

परंतु लहान पांच व्होल्टी रिलेची गुंडाळीसुद्धां 70 मिलिअँपियर मागते. ती नियंत्रकाला थेट जोडली कीं टोंक जळण्याची भीति. म्हणून मध्यें ट्रॅन्झिस्टर बसवितात. एक हजार ओहमच्या रोधांतून त्याच्या बेसला चार मिलिअँपियर दिले कीं तो गुंडाळीचा सारा प्रवाह वाहून नेतो. हा प्रवाह नियंत्रकाच्या टोंकांतून न येतां पुरवठ्यांतून येतो. दोहोंचा ऋण ध्रुव एकच हवा, नाहीं तर कांहींच हलत नाहीं. गुंडाळीवर उलट दिशेनें एक डायोडहि हवाच. प्रवाह तुटतांच चुंबकक्षेत्र कोसळून उलट दाबाचा तडाखा उठतो. डायोड नसेल तर तो ट्रॅन्झिस्टरला मारतो. दोन-चार रुपयांच्या या मण्यांत काटकसर करूं नये.

श्रोत्यांपैकीं कोणी विचारील, रिलेवर दहा अँपियर लिहिलेलें असतें, मग मोटर थेट त्यावरच कां चालवूं नये? तो आंकडा शेगडीसारख्या शांत भाराचा आहे. मोटरचा आरंभीचा लोंढा रिलेचीं पातीं वितळवून एकमेकांस चिकटवितो. मग हुकूम बंदचा, पंप चालूच आणि विहीर कोरडी. शिवाय तिन्ही फेज एकाच वेळीं तोडावे लागतात. तेव्हां लहान रिलेनें स्टार्टरमधील मोठ्या काँटॅक्टरची गुंडाळी तेवढी चालवावी. स्टार्टरमधलें अतिभाराचें संरक्षण कायम ठेवावें, आणि ही जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावी.

राहिला ऑटोस्विच. वीज येतांच सारे पंप एकदम सुरू झाले कीं गांवचा ट्रान्सफॉर्मर त्या भारानें जळूं शकतो. नियंत्रकाला हा दोष टाळतां येतो. वीज आल्यावर किती मिनिटें थांबायचें हें त्याला सांगून ठेवावें, एकाला दोन, शेजाऱ्याला सात. पहिला पंप कोणाचा, हें मात्र बांधावर बसूनच ठरवावें लागतें.