द्राक्षाचा मळा आणि रसाची विद्या

ज्या वर्धा जिल्ह्यांत मी आयुष्यभर मास्तरकी केली, तेथें दारूबंदी आहे. अशा ठिकाणच्या माणसानें पांढऱ्या द्राक्षमद्यावर बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. मद्याची भलावण करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. परंतु शेतांतील फळाचा शेतकऱ्याच्या दारींच पक्का माल कसा होतो, हें ज्यांत स्पष्ट दिसतें असा हा धंदा आहे. आणि तोच प्रश्न आमच्या जिल्ह्यापुढेंहि आहे.

फ्रान्सच्या पूर्व भागांत बर्गंडी नांवाचा प्रांत आहे. तेथील पांढरें मद्य मुख्यतः शार्दोने या एकाच जातीच्या द्राक्षापासून करतात. मळे लहान. वारसाहक्कानें व विक्रीनें वाटण्या होत गेल्यामुळें ‘क्लो द व्हुजो’ हा सुमारें ५० हेक्टरांचा तटबंद मळा आज ऐंशीच्या आसपास मालकांत विभागलेला आहे. वाटण्यांनीं शेती मोडते, हा आपला अनुभव. मग तेथें ती कां टिकली? कारण तेथील पुष्कळ कुटुंबें नुसतीं द्राक्षें विकून मोकळीं होत नाहींत. रस काढणें, आंबविणें, मुरविणें आणि बाटल्यांत भरणें हीं सर्व कामें घरच्या तळघरांतच होतात.

प्रथम द्राक्षें चेपून रस सालींपासून वेगळा करतात. यीस्ट नांवाच्या सूक्ष्म जीवांमुळें रसांतील साखरेचें मद्यार्कांत व वायूंत रूपांतर होतें. उत्तम माल ओक लाकडाच्या, सुमारें २२८ लिटरांच्या पिंपांत आंबवितात. पुढें आणखी एक क्रिया होते: सफरचंदांत असतें तें तीव्र अम्ल जाऊन ताकांत असतें तें सौम्य अम्ल तयार होतें. तळचा साका मधून मधून ढवळीत महिनेच्या महिने हा रस मुरूं देतात.

ही विद्या महाराष्ट्रांतहि आली आहे. सोलापूर जिल्ह्यांतील अकलूज हें गांव उंसासाठीं व साखर कारखान्यासाठीं प्रसिद्ध. तेथील मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की या तीन घराण्यांतील भावांनीं २००७ सालीं द्राक्षमद्याचा उद्योग काढला. म्हणूनच त्याचें नांव ‘फ्रातेल्ली’, म्हणजे इटालियन भाषेंत ‘भाऊ’. बर्गंडीच्या मानानें हे मळे पुष्कळ मोठे आहेत. तेथें शार्दोने लावलें असून त्याचा कांहीं रस ओकच्या पिंपांत मुरवितात. पुढें बर्गंडीकर ज्याँ-शार्ल ब्वासे यांचें साह्यहि या उद्योगाला लाभलें.

मात्र हवामान उसनें आणतां येत नाहीं. बर्गंडीचा वेल हिवाळ्यांत निजतो व त्याचें फळ सप्टेंबरच्या सुमारास उतरतें. आपल्याकडे वेल तसा निजत नाहीं. म्हणून एप्रिलांत एक व पावसाळा सरतांना दुसरी अशा दोन छाटण्या करून फळ थंडींत पिकवावें लागतें. उन्हाळा चढला कीं फळांतील आंबटपणा उतरतो. त्यापूर्वींच तोडणीची वेळ साधावी लागते.

आतां वर्ध्याकडे वळूं. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें येथील मगनवाडींत होतें आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. कच्चा माल जेथें पिकतो तेथेंच त्याचा पक्का माल व्हावा, ही त्यांची शिकवण. ताड-शिंदीच्या रसापासून गूळ करण्याचें कामहि संघानें हातीं घेतलें. हा रस रात्रभर मडक्यांत गळतो. ऊन लागलें कीं आपोआप आंबून मादक होतो. मडक्याला आंतून चुना लावला आणि पहाटेंच रस उतरविला, कीं तो गोड नीरा राहतो. आटविला म्हणजे गूळ होतो. बर्गंडीकर रस आंबवितात, मगनवाडीनें तो आंबूं दिला नाहीं. पण रसाची घटका ओळखणें दोघांनाहि भाग आहे.

आमच्या शेतकऱ्याचा कापूस मात्र बहुधा कच्चाच बाजारांत जातो आणि त्याची किंमत इतरत्र वाढते. शेताची वाटणी झाली म्हणजे धाकटा मुलगा शहराची वाट धरतो. थोड्या जमिनींत घर चालावयाचें तर पीक काढण्याबरोबर त्याचा माल करण्याची विद्याहि त्या घरीं असली पाहिजे. ती शिकविणाऱ्या शाळा तालुक्या-तालुक्यांत निघाव्या, आणि त्या मालाला आपण शहरांतील गृहस्थांनीं योग्य किंमत द्यावी, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.