पटसंख्येचा हिशेब आणि वाडीवरची शाळा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२२ साली नाशिकच्या जिल्हा परिषदेवर एक मोर्चा गेला. इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची प्राथमिक शाळेत जाणारी मुले त्यात होती. भाम धरणाच्या पुनर्वसनाच्या घोळात त्यांच्या वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा बंद करण्यात आली होती. मुलांची संख्या चाळीसच्या वर होती. म्हणजे विसाच्या आत पट असल्याची सबबही येथे लागू नव्हती. या मुलांनी प्रशासनापुढे एक सरळ देवघेव मांडली. दप्तरे परत घ्या आणि त्यांच्या बदल्यात बकऱ्या द्या. वर्तमानपत्रांना ही कल्पना चटकदार वाटली आणि तिची छायाचित्रे छापून आली. परंतु तिच्यात जो अर्थशास्त्रीय विचार होता, त्याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही.

अर्थशास्त्रात संधी-खर्च नावाची एक संकल्पना शिकविली जाते. एखादी गोष्ट मिळविण्यासाठी जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, ती त्या पहिल्या गोष्टीची खरी किंमत होय. डोंगरातल्या आदिवासी कुटुंबाने पोराला शाळेत घातले, याचा अर्थ त्या कुटुंबाने एक गुराखी सोडला. पुस्तके, गणवेश, दुपारची खिचडी हे सारे सरकार देते हे खरे. पण बकऱ्या राखणाऱ्या हातांची किंमत ते कुटुंबच मोजीत असते. शाळा दाराशी आहे तोवर ही किंमत कशीबशी झेपते, कारण सकाळी किंवा शाळा सुटल्यावर पोर घरच्या कामाला उपयोगी पडते. शाळा तीन किलोमीटर दूर गेली की तीच किंमत दुप्पट होते. दरेवाडीच्या मुलांनी हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय ओळखले होते.

आता सरकारची बाजू पाहू. ती खोडून काढण्यापूर्वी नीट समजून घेतली पाहिजे, कारण सभांतून तिची टिंगल होते आणि मग कचेरीत अधिकाऱ्याने आकडे पुढे केले की कार्यकर्ते गप्प बसतात. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने दहा किंवा त्याहून कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून त्यांतील मुले शेजारच्या शाळांत समाविष्ट करण्याचे ठरविले. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागविण्यात आली. अशा शाळा १५,००० च्या आसपास निघाल्या. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले आणि २९ हजारांवर शिक्षक होते. म्हणजे सरासरीने एका शाळेत बारा मुले आणि एका शिक्षकामागे सहा. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ ही कल्पना पुढे आली. पानशेत आणि तोरणमाळ येथील प्रयोग नमुना म्हणून दाखविण्यात आले. लहान शाळा एकत्र करायच्या, मुलांना गाडीने आणायचे आणि त्यांना मैदान, ग्रंथालय, प्रयोगशाळा द्यायची. ऐकणाऱ्याला यात वावगे काही वाटणार नाही.

प्रश्न असा आहे की यातून वाचते काय? प्राथमिक शाळेचा बहुतेक खर्च शिक्षकाच्या वेतनाचा असतो. शाळा बंद झाली म्हणून शिक्षक घरी जात नाही; तो दुसऱ्या गावी बदलून जातो आणि त्याचे वेतन चालूच राहते. दोन खोल्यांच्या इमारतीला बाजारात किंमत नाही. खडू, फळा आणि वीजबिल यांतून कोणाचे अंदाजपत्रक सावरत नाही. उलट मुलांना आणणारी गाडी प्रामाणिकपणे रोज चालविली, तर नवा खर्च सुरू होतो. तेव्हा बचत होणार असेल तर ती एकाच मार्गाने होते. शिक्षकांची पदे कायमची कमी करावी लागतात. ‘गुणवत्ता’ आणि ‘सामाजिकीकरण’ हे शब्द जेवढ्या मोठ्याने उच्चारले जातात, तेवढ्या मोठ्याने हे वाक्य कोणी उच्चारीत नाही. परंतु २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला, तेव्हा मनातले कागदावर आले. २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभरच्या शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन त्याला विरोध केला आणि पुढे तो निर्णय मागे घेण्यात आला.

सरकारच्या वहीत जो खर्च कमी होतो, तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या वहीत जातो. समजा, वाडीची शाळा तीन किलोमीटरवरच्या गावात गेली. गाडीची व्यवस्था कागदावर आहे, पण पावसाळ्यात रस्ता खचला आणि दिवाळीनंतर कंत्राटदाराचे बिल थकले. वाडीतल्या बायांनी पाळी लावली आणि एकीने रोज सगळ्या मुलांना पोचवायचे व आणायचे ठरले. जाऊन येऊन दोन खेपा, म्हणजे दिवसाला बारा किलोमीटर. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. तेव्हा एका वर्षात त्या वाडीतल्या बायांनी मिळून २,४०० किलोमीटर चालायचे. हे अंतर कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविलेले नसते. आणि भातलावणीच्या दिवसांत पाळी मोडली, की ज्या घरात धाकटे भावंड सांभाळायला कोणी नाही तेथली मुलगी प्रथम घरी राहते. तिचे नाव नव्या शाळेच्या पटावर असते, त्यामुळे ती शाळाबाह्य ठरत नाही.

कायदा काय म्हणतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने परिसरातच शाळा देण्याचे बंधन शासनावर घातले. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा ठरविली. त्याच नियमांत वीस मुलांचा उल्लेख आहे. परिसरात सहा ते अकरा वयाची निदान वीस मुले असतील तर तेथे शाळा स्थापन झाली पाहिजे, असा त्याचा रोख आहे. शाळा काढण्याचे बंधन शासनावर कधी येते, हे सांगणारा आकडा चालू शाळा मोडण्यासाठी वापरला जात आहे. लग्नाला किमान वय लागते म्हणून कोणी झालेली लग्ने मोडीत नाही!

अर्थात पट का घटला, हाही प्रश्न आहेच. जन्मदर खाली आला आहे. माणसे पोटासाठी पुणे-मुंबईकडे जातात, काही ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात. यात सरकारचा दोष नाही, निदान थेट नाही. परंतु २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना दार उघडले गेले आणि तालुक्याच्या गावाहून पिवळ्या गाड्या वस्त्या-वस्त्यांवर फिरू लागल्या. इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन शिक्षकांपैकी एक पद रिकामे राहते आणि दुसरा शिक्षक मतदारयाद्यांच्या नि सर्वेक्षणांच्या कामात असतो. पालक मूल काढून घेतो, पट उतरतो आणि उतरलेला पट शाळा बंद करण्याचे कारण म्हणून दाखविला जातो. रोग्याचे अन्न तोडायचे आणि मग त्याचे वजन घटले म्हणून त्याला असाध्य ठरवायचे, असा हा प्रकार आहे.

तथापि एक गोष्ट विरोधकांनीही मान्य केली पाहिजे. चार इयत्तांत मिळून पाच मुले आणि एक शिक्षक अशी शाळा फार चांगली नसते. मुलाला बरोबरीचा सोबती नाही, खेळायला गडी नाहीत, शिक्षक आजारी पडला की शाळेला कुलूप. अशा शाळेचे नुसते गोडवे गाणे म्हणजे त्या पाच मुलांची फसवणूक होय. यावर उपाय सुचविला गेला त्याला आता साठ वर्षे होतील. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने ‘शाळा संकुल’ ही योजना मांडली. आयोगाचे सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. खेड्यातील शाळा त्यांना अहवालांतून नव्हे तर प्रत्यक्ष ठाऊक होती. या योजनेत लहान शाळा आपापल्या जागी राहतात आणि माध्यमिक शाळेच्या भोवती गुंफल्या जातात. साधने, ग्रंथ आणि तज्ज्ञ शिक्षक यांची देवघेव होते. आजची ‘समूह शाळा’ हा शब्द त्याच घराण्यातला दिसतो, पण तिचा अर्थ उलटा आहे. संकुलात साधने मुलाकडे जातात. समूहात मूल साधनांकडे न्यायचे असते.

म्हणून सरसकट ‘एकही शाळा बंद होऊ देणार नाही’ ही घोषणा पुरेशी नाही. पहिली ते चौथीचे मूल वाडीवरच शिकले पाहिजे, याबाबत तडजोड नको. सहावी-सातवीची मुले खात्रीच्या वाहनाने, आणि मुलींसाठी सोबतीची व्यवस्था करून, मोठ्या शाळेत जात असतील तर त्याला केवळ तत्त्वासाठी विरोध करू नये. लहान शाळांची मुले आठवड्यातून एक दिवस केंद्रशाळेत एकत्र यावीत. तेथे खेळ, प्रयोग, गाणी व्हावीत. त्या एका दिवसाच्या गाडीचा खर्च रोजच्या गाडीच्या मानाने किरकोळ आहे. बहुवर्ग अध्यापन ही निराळी कला आहे आणि ती शिकवावी लागते, हेही शिक्षक संघटनांनी ठामपणे मागितले पाहिजे.

खर्च परवडत नाही, हा युक्तिवाद जुनाच आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पैशाचा प्रश्न तेव्हाही पुढे करण्यात आला होता. कोल्हापूरसारख्या लहान संस्थानात शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड ठेवला. आज दंड कोणाला करावा लागेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

विरोधाचा उपयोग होतो काय, असे निराशेने विचारले जाते. उत्तर प्रदेशात जून २०२५ मध्ये पन्नासच्या आत पट असलेल्या हजारो शाळांच्या विलीनीकरणाचा आदेश निघाला. सीतापूरच्या मुलांच्या वतीने उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. ७ जुलैला एकल न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली. अपिलात २४ जुलैला खंडपीठाने सीतापूरपुरती परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवण्यास सांगितले. त्यानंतर एक किलोमीटरहून दूर असलेल्या वा पन्नासहून अधिक पट असलेल्या शाळांचे विलीनीकरण होणार नाही, असे तेथील सरकारला जाहीर करावे लागले. हा पूर्ण विजय नाही. परंतु ही माघार गावोगावच्या पालकांनी घ्यायला लावली आहे.

आता थोडे कडू बोलणे भाग आहे. शाळा वाचविण्याच्या निवेदनांवर सह्या करणाऱ्या किती कार्यकर्त्यांची मुले वा नातवंडे जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेत आहेत? वाडीवरचा पालक हा प्रश्न तोंडावर विचारीत नाही, पण त्याच्या मनात तो असतो. पिवळ्या गाडीत आपले मूल बसवून दुसऱ्याच्या शाळेसाठी मोर्चा काढणाऱ्याचा आवाज कचेरीच्या जिन्यातच विरतो.

कामाचा तपशील असा. शिक्षकांची पदे मंजूर होतात ती ३० सप्टेंबरच्या पटावर. तेव्हा ऑक्टोबरात जागे होऊन उपयोग नाही. जूनमध्येच घरोघर फिरून सहा ते अकरा वयाच्या प्रत्येक मुलाची यादी केली पाहिजे, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसह. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ती समिती खरोखर बसते की नुसत्या अंगठ्यांवर चालते, हे पाहावे. तिचा आणि ग्रामसभेचा ठराव लेखी, तारखेनिशी घ्यावा. आणि ‘शेजारच्या’ शाळेचे अंतर नकाशावरून मोजलेले मान्य करू नये. जुलैच्या एखाद्या पावसाळी सकाळी गटशिक्षणाधिकाऱ्यांना सन्मानाने बोलवावे, सात वर्षांच्या एका मुलीला पुढे चालू द्यावे, वाटेत किती ओढे लागतात ते मोजावे, आणि तिला लागलेला वेळ पंचनाम्यात लिहून त्यावर त्यांची सही घ्यावी.