पासबुकांचा संसार



‘आमची चार बँकांत खाती आहेत,’ हे वाक्य ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात थोड्या अभिमानानेच उच्चारले जाते. एक खाते पगाराचे, कचेरीने मुंबईत उघडून दिलेले. दुसरे घराजवळच्या सहकारी बँकेतले, लॉकर मिळावा म्हणून काढलेले. तिसरे टपाल कार्यालयातले आणि चौथे गृहकर्जाच्या वेळी बँकेने आग्रहाने उघडायला लावलेले. योजना आखून अशी खाती कुणी उघडत नाही. ती संसाराच्या ओघात जमत जातात. त्यांच्याकडून अधिकात अधिक व्याज कसे मिळवावे, हा आजचा विषय आहे.

आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे चालू खात्यावर व्याज मिळत नाही. ते व्यापाऱ्याच्या उलाढालीसाठी असते. इंग्लंडमधील नोकरदार मात्र आपला पगार चालू खात्यातच ठेवतो. तेथील काही बँकांनी २०१२ नंतरची काही वर्षे अशा खात्यांवर ३ ते ५ टक्के व्याज देऊ केले होते. दरमहा ठरावीक रक्कम जमा झाली पाहिजे आणि व्याज ठरावीक शिलकेपर्यंतच मिळेल, अशा अटी त्याला होत्या. तेव्हा चतुर मंडळींनी तीच रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवून साऱ्या बँकांच्या अटी पुऱ्या केल्या! आपल्याकडे हा खेळ बचत खात्यांचा आहे आणि त्याचे नियम निराळे आहेत.

आपल्याकडेही एक युक्ती होती आणि ती आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ होती. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावरील व्याजाचा हिशेब असा असे : महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचे व्याज. ११ तारखेला भरलेले दहा हजार त्या महिन्यापुरते बिनव्याजी पडून राहत. २८ तारखेला दोन दिवसांसाठी रक्कम काढली, तरी तिचे संपूर्ण महिन्याचे व्याज बुडे. त्यामुळे दहाच्या आत भरणा करायचा, मोठा धनादेश शक्यतो महिना उलटल्यावर द्यायचा आणि एका बँकेतून दुसरीत पैसे हलवायचे ते १ ते १० या दिवसांतच, असा शिरस्ता होता. १५ तारखेला पैसे हलवणाऱ्याला दोन्हीकडचे व्याज मिळत नसे. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने दररोजच्या शिलकेवर व्याज आकारण्याचा नियम केला. ग्राहकाच्या दृष्टीने ही फार मोठी सुधारणा होती. पण तिच्याबरोबर ‘दहा तारखेचे’ सारे कौशल्य कालबाह्य झाले.

दुसरा बदल २५ ऑक्टोबर २०११ चा. तोवर बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँक ठरवीत असे. २००३ पासून साडेतीन टक्के असलेला हा दर मे २०११ मध्ये ४ टक्के झाला होता. ऑक्टोबरात बँकांना आपापले दर ठरवण्याची मोकळीक मिळाली आणि काही खासगी बँकांनी ताबडतोब साडेपाच-सहा टक्के जाहीर केले. खाते कुठे आहे, याला तेव्हापासून अर्थ आला. पुढे ओहोटी लागली. जून २०२५ मध्ये स्टेट बँकेचा बचत दर अडीच टक्क्यांवर आला, तेव्हाही टपाल खात्याचा दर ४ टक्केच होता.

आता प्रत्यक्ष आकडे पाहावेत. एखाद्या कुटुंबाचे दोन लाख रुपये वर्षभर बचत खात्यात राहतात असे धरले, तर अडीच टक्क्यांनी ५,००० रुपये व्याज होते आणि ४ टक्क्यांनी ८,०००. फरक तीन हजारांचा, म्हणजे महिन्याला अडीचशे रुपये. हे सोडून देण्यासारखे नाही. परंतु यासाठी पाच खाती लागत नाहीत, एक बदलले तरी पुरते. उलट प्रत्येक खात्यात किमान दहा हजार ठेवण्याची अट असेल, तर चार खात्यांत चाळीस हजार अडकून पडतात आणि एखाद्या महिन्यात शिल्लक घसरली की, दंडात वर्षाचे व्याज जाते. काही स्मॉल फायनान्स बँकांनी सात टक्क्यांपर्यंतचे दर जाहीर केले, तेव्हा अनेकांनी घाईने खाती उघडली. जाहिरातीतला तो मोठा आकडा बहुधा काही लाखांच्या वरच्या शिलकेलाच लागू असतो, हे बारीक टाइपात छापलेले असते. त्यापेक्षा ठरावीक मर्यादेवरची शिल्लक आपोआप मुदत ठेवीत वळवणारी सोय असलेले एकच खाते अधिक कामाचे. अनेक खात्यांत ठेवी विखुरल्या की, कर चुकतो, असाही एक समज आहे. ठेवींच्या व्याजावर करकपात करण्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून प्रत्येक बँकेपुरती वर्षाला ५०,००० रुपये आणि ज्येष्ठांसाठी एक लाख आहे, हे खरे. पण कपात झाली नाही म्हणून कर माफ होत नाही. सगळ्या बँकांच्या व्याजाची नोंद आयकर खात्याकडे पोहोचलेलीच असते.

मग अधिक खाती ठेवूच नयेत काय? ठेवावीत. त्याचे कारण मात्र व्याजापेक्षा मोठे आहे आणि २०१९ च्या शरद ऋतूत ते या परिसराने जवळून पाहिले आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबर अखेरीस भांडुप येथे मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. पहिल्या आदेशानुसार ठेवीदाराला सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढता येणार होते. पुढच्याच महिन्यात, दिवाळीच्या तोंडावर, गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली आणि ठाण्यातील दुकाने बंद झाली आणि सोन्याच्या भिशीत व ठेवींत पैसे गुंतवलेल्यांची पोलीस ठाण्यात रीघ लागली. सराफाकडे ठेवलेल्या ठेवीला कोणतेच विमासंरक्षण नसते. बँकेतल्या ठेवीला होते. पण १९९३ पासून ते एक लाखावरच थांबलेले होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झाले आणि निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद २०२१ मध्ये कायद्यात आली. पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. तरी पाच लाखांपलीकडच्या ठेवी परत करण्यासाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते ठरले. सत्तरीतल्या ठेवीदाराने ही दहा वर्षे कशी मोजायची?

हे पाच लाख मुद्दल आणि व्याज मिळून, दर माणशी आणि दर बँकेमागे आहेत. नौपाड्याच्या शाखेत चार लाख आणि त्याच बँकेच्या डोंबिवली शाखेत चार लाख ठेवले, तर विम्याच्या लेखी ते आठ लाख एकाच ठिकाणी असतात. निवृत्तीचे बारा लाख असतील, तर ते तीन निराळ्या बँकांत असावेत. संयुक्त खाते वैयक्तिक खात्याहून वेगळे मोजले जाते; पती-पत्नीच्या नावांचा क्रम बदललेले दुसरे संयुक्त खातेही वेगळे धरले जाते. पतसंस्थांमधील ठेवींना मात्र हे संरक्षण मुळीच नाही आणि पाऊण-एक टक्का अधिक मिळतो म्हणून तिकडे वळणाऱ्याला हे सहसा कुणी सांगत नाही. डोंबिवली नागरी (१९७०), ठाणे जनता (१९७२), कल्याण जनता (१९७३) या येथल्या मातीतून उभ्या राहिलेल्या सहकारी बँका आहेत आणि त्यांच्याविषयी येथील कुटुंबांना आपुलकी वाटते, ते स्वाभाविकच आहे. विम्याची मर्यादा पाहून ठेवी विभागणे म्हणजे त्या आपुलकीचा अव्हेर करणे, असे कुणी मानू नये.

शेवटचा मुद्दा विशेषतः भगिनींसाठी आहे. बहुसंख्य घरांत ही सारी खाती एकट्या गृहस्थाच्या डोक्यात असतात. तो अकस्मात गेला, तर कपाटात पाच पासबुके सापडतात आणि त्यांतल्या दोन बँकांची नावेच बदललेली असतात. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, तर सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत. जुनी पाटी शोधत ती माउली कुठे फिरणार? दोन वर्षे व्यवहार झाला नाही की, खाते निष्क्रिय होते आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. म्हणून सर्व खात्यांची यादी एका वहीत असावी. तीत बँक, शाखा, खाते कुणाकुणाच्या नावे आहे आणि नामनिर्देशन कुणाचे, हे लिहिलेले असावे आणि ती वही कुठे ठेवली आहे, हे घरातल्या किमान दोघांना ठाऊक असावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. लग्नापूर्वी उघडलेल्या खात्यावर अजून आईचे किंवा वडिलांचेच नाव असेल, तर ते आता पाहून घ्यावे. पैसे निधीत गेले असले, तरी हक्क संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर खातेदाराच्या नावाने शोध घेता येतो आणि रक्कम मिळण्यासाठी अर्ज त्या मूळ बँकेकडे, किंवा ती जिच्यात विलीन झाली असेल त्या बँकेकडे करावयाचा असतो.