पाना आपल्याही हातात
(आगरदांडा इथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, जून-जुलैच्या बंदीत होड्या शाकारल्या की इंजिनं उघडतात. दुरुस्तीचे पैसे येतात आपल्या मासळीच्या पाटीतून. ते कशाला लागले, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही.

‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला पातळ पत्रा जळला. मग बऱ्याचदा ऑइलमध्ये पाणी शिरतं, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. ऑइलची काठी काढून आपणही ते पाहू शकतो. ट्रक असो की होडी, काम तेच. हेड उतरवायचं (जड असतं, एकटीने नको), पोलादी पट्टी ठेवून सपाट आहे का बघायचं, गॅस्केट नवंच घालायचं. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळायचे. अंदाजाने आवळले तर ते पुन्हा जाईल, कदाचित भर समुद्रात.

यंदा बिल आलं की मिस्त्रींना म्हणा, जुनं गॅस्केट दाखवा.