चिंधी पळून जात नाही

नंदुरबारहून बोलतेय. 'सैराट'वर बोललो तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, समाजाला न चालणाऱ्या प्रेमावर जुना सिनेमा कोणता बघू? माझं उत्तर, 'जैत रे जैत'. १९७७ सालचा, दिग्दर्शक जब्बार पटेल, मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची.

गोष्ट ठाकर आदिवासींची. नाग्या भगताचा पोरगा, चिंधी दुसऱ्याची बायको. नाग्या झालेत मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील. (स्मिताचे वडील शिरपूरचे, आणि १९९८ पर्यंत आपलाही जिल्हा धुळेच होता. म्हणून मी तिला आपलीच धरते!) गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. हेडफोन लावूनच ऐका.

मला सगळ्यात आवडतं ते हे, की चिंधी पळून जात नाही. नवरा पटत नाही तर त्याला सोडते, उघडपणे. नाग्या आवडतो हेही लपवत नाही. आपल्याकडे भिल्ल-पावरा घरांत याचं फार नवल वाटणार नाही. जमलं नाही तर पंच बसतात, देजाच्या पैशांचा हिशेब होतो, बाई दुसरं घर करू शकते. पैशांवरून अडवणूकही होते, सगळं गोड नाही. पण वाट असते. बाहेरचे लोक मात्र होळीआधीचा भोंगऱ्या बघून 'पळून जायची जत्रा' असं लिहून मोकळे होतात. अरे, तो बाजार आहे, लोक होळीचं सामान घ्यायला येतात!

माझी एक मैत्रीण सासर सोडून आली. पंचांसमोर सगळं मिटलं, देज परत केलं. तरी शहरात खोली बघायला गेलो की घरमालकीण विचारते, "पळून आली का?" तिला मी हा सिनेमा मोबाईलवर दाखवला.

आता शेवट सांगतेय, बघायचा असेल तर इथेच थांबा. राणी माशीने नाग्याचा डोळा घेतलेला असतो. सूड म्हणून तो लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवतो. जैत होते, म्हणजे विजय. पण त्यात चिंधीचा जीव जातो.

मैत्रीण चिडलीच. मी समजवायला गेले, अगं, नाग्याचं भांडण देवाशी आहे, त्याची किंमत...

"मग त्यानं भरायची ना!"

मला तिचंच पटलं. तुम्हाला काय वाटतं, व्हॉइस नोट पाठवा.