पायपेटीवरून कॉर्डकडे

तीन किंवा अधिक स्वर एकदम वाजले आणि कानाला त्यांचा मिळून एकच नाद ऐकू आला, की ती कॉर्ड. गिटार शिकायला बसलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी कॉर्डचा तक्ता पडतो. त्यावर सहा उभ्या रेषा, रेषांवर तीन ठिपके आणि डोक्यावर एक अक्षर असते. बोटे ठिपक्यांवर दाबली की आवाज येतो, पण त्यात कोणते स्वर वाजले हे वाजवणाऱ्याला ठाऊक नसते. हा क्रम उलटा आहे. कॉर्ड आधी पेटीच्या पट्ट्यांवर पाहावी, तिचे स्वर गळ्याने म्हणावेत आणि मग ती तारांवर धरावी. कोकणातल्या पिंगुळीसारख्या गावात, जिथे भजनी मंडळाकडे पेटी आहे आणि जत्रेतल्या दशावताराला पायपेटीची साथ आहे, तिथे या विद्येची अर्धी तयारी घरातच झालेली असते.

सप्तक, शुद्ध-कोमल स्वर आणि थाट या गोष्टी इथल्या भजनी मंडळींना नव्याने सांगायला नकोत. पांढरी एक हा सा धरला, तर पांढऱ्या एक ते सात या सलग पट्ट्यांवर बिलावल थाट मिळतो. त्यातला सा, ग आणि प, म्हणजे पांढरी एक, तीन आणि पाच, ही पहिली कॉर्ड. तिला मेजर म्हणतात. अंतर मोजताना काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरायच्या: सा पासून चार पट्ट्या पुढे ग, ग पासून तीन पट्ट्या पुढे प. हीच चार-तीनची जोडी तीन-चार केली की ग कोमल होतो आणि मायनर कॉर्ड मिळते. तीन-तीन केली की डिमिनिश्ड, चार-चार केली की ऑगमेंटेड. शेवटच्या दोन कॉर्ड सुरुवातीला बाजूला ठेवल्या तरी चालते. पहिल्या दोन मात्र कोणत्याही पट्टीवरून आंधळेपणाने बांधता आल्या पाहिजेत. काळी चार हा सा असेल, तर ग पांढऱ्या एकवर येतो आणि प काळी दोनवर. मोजणी तीच राहते.

या तीन स्वरांचे सख्य तारेतच आहे. ताणलेली तार छेडली की मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट कंपनांचे नादही सूक्ष्मपणे वाजतात. चौपटीवर सा असतो, पाचपटीवर शुद्ध ग आणि सहापटीवर प. चार, पाच आणि सहा या प्रमाणातले तीन नाद म्हणजेच मेजर कॉर्ड. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, तो हाच. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथीत निवेदनामागे वीणा झंकारत राहते, टाळ आणि हुडुक ताल देतात. त्या वीणेच्या आधाराने ऐकण्याची सवय झालेल्या कानाला सा-ग-प ओळखायला फार वेळ लागू नये.

फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. आपल्या संगीतात षड्ज हलत नाही. सगळे स्वर त्या एका आधारावर अर्थ घेतात. कॉर्डच्या संगीतात आधारच बदलत राहतो. गळ्यातला ग तसाच धरून ठेवला आणि खाली आधी सा-ग-प, मग ध-सा-ग, मग म-ध-सा वाजवले, तर ग प्रत्येक वेळी निराळा वाटतो. पहिल्या कॉर्डमध्ये तो स्थिर आहे, दुसरीत हळवा, तिसरीत अधांतरी. चित्रकथीत समोरचे चित्र तेच असते आणि निवेदकाचा सूर पालटला की त्यातला चेहरा पालटतो, तसे हे घडते.  हे ऐकल्याशिवाय कॉर्डवर बोलण्यात अर्थ नाही.

बिलावलच्या सातही स्वरांवर एकाआड एक स्वर घेत कॉर्ड बांधल्या, की सा, म आणि प यांवर मेजर येतात. रे, ग आणि ध यांवर मायनर. आणि नी वर डिमिनिश्ड. त्यातल्या सा, म, प या तिघींत मिळून सप्तकातले सातही स्वर येतात: सा ग प, म ध सा, प नी रे. म्हणून शुद्ध स्वरांतल्या साध्या चालीला या तीन कॉर्डवर साथ करता येते. प च्या कॉर्डला वर म जोडला की सेव्हन्थ कॉर्ड होते: प नी रे म. तिच्यातला नी अर्धा स्वर चढून सा वर जाऊ पाहतो आणि म अर्धा स्वर उतरून ग वर येऊ पाहतो. त्यामुळे या कॉर्डनंतर सा ची कॉर्ड आली की ओळ पुरी झाल्याचे समाधान मिळते.

पियानोवर कॉर्ड बदलताना सगळा हात उचलून नेण्याची गरज नसते. स्वर तेच ठेवून त्यांचा क्रम बदलता येतो. याला इन्व्हर्जन म्हणतात. उजव्या हाताने सा-ग-प वाजवावे, मग अंगठा सा वरच ठेवून सा-म-ध, मग अंगठा एक पट्टी खाली सरकवून नी-रे-प. तीनही कॉर्ड पंजाभर जागेत मिळतात. अंगठ्याला एक, करंगळीला पाच असे क्रमांक धरले, तर पहिल्या दोन कॉर्डना एक-तीन-पाच आणि तिसरीला एक-दोन-पाच ही बोटे सोयीची पडतात. डाव्या हाताने तेव्हा खालच्या सप्तकात फक्त सा, म किंवा प हा मूळ स्वर द्यावा.

इथे पायपेटीचे महत्त्व कळते. हातपेटीचा भाता एका हाताने हलवावा लागतो, म्हणून वाजवायला एकच हात उरतो. पायपेटीचा भाता पाय सांभाळतात आणि दोन्ही हात मोकळे होतात. उजवा हात पात्राच्या पदाची साथ करत असताना डाव्याला कॉर्डचे काम देता येते, म्हणजे पियानोचीच बैठक. दशावतारातला पेटीवादक रात्रभर याच बैठकीत असतो. त्याने एक पावसाळा डाव्या हातावर मेहनत घेतली, तर त्याला पियानोपुढे परकेपणा वाटणार नाही. फरक नादाच्या आयुष्याचा आहे. भात्यात हवा आहे तोवर पेटीचा स्वर टिकतो, पियानोचा हळूहळू विरतो आणि गिटारचा त्याहून लवकर. म्हणून पेटीवर कॉर्ड दाबून धरता येते, गिटारवर ती पुन्हा पुन्हा छेडावी लागते.

कॉर्डमुळे राग बिघडतो, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो हलक्यावारी झटकण्यासारखा नाही. पेटीवरही असाच आक्षेप होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी १९७१ मध्ये सैल झाली. पण पॅरिसमध्ये १८४२ मध्ये अलेक्झांडर डेबेनने पेटंट घेतलेले हे वाद्य मराठी रंगभूमीने केव्हाच आपले केले होते. ‘संगीत मानापमान’ला १९११ मध्ये चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीवादकच होते. आक्षेपात तथ्य आहे ते असे. समान अंतरांवर जुळवलेल्या पट्ट्यांतला ग तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग. शिवाय सवयीने लावलेली कॉर्ड रागात वर्ज्य असलेला स्वर घुसवते. मालकंसात पंचम नाही, तरी सा ची मायनर कॉर्ड लावली तर पंचम येतो आणि रागाचे रूप मोडते. मात्र त्याच मालकंसाच्या पाच स्वरांतून मध्यमावर मायनर (म, कोमल ध, सा) आणि कोमल धैवतावर मेजर (कोमल ध, सा, कोमल ग) अशा दोन कॉर्ड निर्दोष निघतात. भूपातही सा ची मेजर आणि ध ची मायनर एवढ्याच निघतात, पण तेवढ्या पुरतात. दोष कॉर्डचा नसतो, न ऐकता लावण्याचा असतो.

हे ऐकून लावण्याचे काम शेजारच्या गोव्यातल्या माणसांनी करून दाखवले आहे, म्हणून त्यांच्यासाठी थोडे थांबणे भाग आहे. गोव्याच्या चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. मांडो हा तिथला गीतप्रकार दोन आवाजांत गातात. दुसरा आवाज पहिल्याच्या खाली तिसऱ्या स्वरावर चालतो आणि साथीला घुमट असते. दोन स्वर एकदम ऐकण्याची सवय तिथे घरातच लागे. ही शिदोरी घेऊन गोव्याचे वादक मुंबईला गेले आणि चित्रपटसंगीताच्या स्टुडिओंत बसले. संगीतकार पेटीवर चाल सांगत. ती स्वरलिपीत उतरवणे, तिच्याखाली कॉर्ड बसवणे आणि वाद्यांना कामे वाटून देणे हे काम अरेंजरचे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम सेबॅस्टियन डिसूझा यांनी केले. आल्दोन्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्याबरोबर ‘अलबेला’त (१९५१) होते. फ्रँक फर्नांड यांनी हिंदी स्टुडिओंतल्या कामाबरोबर ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपटही काढले.

त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचे. ते व्हायोलिनवादक आणि शिक्षक. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र बसवण्याचा त्यांना ध्यास होता. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम झाला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे ‘अमर अकबर अँथनी’त (१९७७) लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या एका गाण्यातून त्यांचे नाव घराघरांत गेले, पण ते नाव कोणाचे हे फार थोड्यांना ठाऊक होते. गोन्साल्विस २०१२ मध्ये गेले. राग समजून घेऊन मग त्याखाली स्वर रचणे हा त्यांचा क्रम होता, आणि आज घरी बसून गिटारवर भजन बसवू पाहणाऱ्या मुलासाठीही क्रम तोच हवा.

आता त्या मुलाच्या हातातल्या गिटारकडे वळू. गिटारच्या सहा तारा जाड तारेकडून पेटीच्या भाषेत अशा जुळवतात: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. प्रत्येक पडदा म्हणजे एक पट्टी पुढे. बाराव्या पडद्यावर सप्तक पुरे होते. पांढऱ्या एकची मेजर कॉर्ड धरताना सर्वांत जाड तार सोडतात. जाडीकडून दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर अनामिका, तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर मधले बोट आणि पाचव्या तारेच्या पहिल्यावर तर्जनी. चौथी आणि सहावी मोकळी. वाजतात ते स्वर क्रमाने सा, ग, प, सा, ग. पाच तारा, पण स्वर तीनच. तक्त्यातले ठिपके असे वाचता आले की पाठांतर संपते. आता तर्जनी आणि मधले बोट न हलवता फक्त अनामिका उचलून चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर ठेवली आणि दुसरी तार मोकळी सोडली, की पांढऱ्या सहाची मायनर मिळते: ध, ग, ध, सा, ग. पेटीवर सा-ग-प वरून सा-ग-ध वर जाताना एक बोट हलते. इथेही एकच हलले. ज्याने पेटीवर हे पाहिले आहे, त्याला गिटारवरचा हा बदल कोडे वाटत नाही.

बोट पडद्याच्या धातूवर ठेवायचे नाही, त्याच्या किंचित मागे ठेवायचे. अंगठा मानेमागे, बोटांची टोके उभी, डाव्या हाताची नखे कापलेली. कॉर्ड धरल्यावर एकेक तार सुटी छेडून पाहावी. तार भणभणली तर दाब किंवा जागा चुकली आहे. मुकी झाली तर शेजारचे बोट तिला टेकले आहे. बोटांची टोके सुरुवातीला दुखतात, ते काही आठवड्यांत थांबते. खाऱ्या, दमट हवेत पोलादी तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झाल्यावर त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. घरात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असेल तर त्यातली एका बोटात कॉर्ड देणारी सोय शिकताना बंद ठेवावी; तिने साथ मिळते, कान मात्र तयार होत नाही.

गाण्याखाली कॉर्ड निवडताना समेवर कोणता स्वर पडतो ते पाहावे. ग पडत असेल तर सा, ध आणि ग यांच्या तीन कॉर्डमध्ये तो आहे. तिन्ही लावून पाहाव्यात आणि गाण्याच्या शब्दाला जी मानवेल ती ठेवावी. केरव्याच्या आठ मात्रांत कॉर्ड शक्यतो समेवरच बदलावी. प्रत्येक स्वराला नवी कॉर्ड दिली की चाल गुदमरते. गायकाची पट्टी गैरसोयीची असेल तर पियानोवर पट्ट्या नव्याने मोजाव्या लागतात; गिटारवर कॅपो, म्हणजे एका पडद्यावर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लागतो. काळी एकला पहिल्या पडद्यावर कॅपो लावून पांढऱ्या एकचेच आकार धरावेत. काळी चारला तोच कॅपो ठेवून पांढऱ्या पाचचे आकार, किंवा कॅपो चौथ्या पडद्यावर नेऊन पांढऱ्या तीनचे. दोन गिटारी असतील तर एकाने पहिला आणि दुसऱ्याने दुसरा पर्याय घ्यावा. कॉर्ड एकच राहते आणि स्वर वेगवेगळ्या उंचीवर पसरल्याने साथ भरीव होते.